तिसरा किलोवॅट : सूर्यघर योजनेतून बसवलेल्या सौर संचाचे वर्षभराचे परीक्षण

नाशिकच्या इंदिरानगर भागात आमचे १९९८ साली बांधलेले रो-हाउस आहे. त्याच्या गच्चीवर मार्च २०२५ पासून तीन किलोवॅटचा सौर संच चालू असून, एक पूर्ण आर्थिक वर्ष आणि त्यातले तिन्ही ऋतू पाहून झाल्यावरच हे परीक्षण लिहावयास घेतले आहे. संच बसल्यानंतर आठ दिवसांत पाच तारे देऊन मोकळे होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु जुलैचा पाऊस आणि ३१ मार्चचा हिशेब पाहिल्याशिवाय या व्यवहाराबद्दल काही बोलणे अपुरे ठरते, असे माझे मत झाले आहे. परीक्षण दोन गोष्टींचे आहे. एक, प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून मिळणारे अनुदान. आणि दुसरी, ज्या एजन्सीकडून आम्ही संच बसवून घेतला तिची सेवा. एजन्सीचे नाव देत नाही, कारण जे दोष मी सांगणार आहे ते चौकशी केलेल्या इतर दोन-तीन ठिकाणीही थोड्याफार फरकाने दिसले. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : योजना घेण्यासारखी आहे, मात्र मी ज्या क्रमाने ती घेतली त्या क्रमाने कोणी घेऊ नये.

ज्यांना योजनेचा तपशील ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना जाहीर झाली, त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, आणि एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. घरगुती ग्राहकाला एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पाच किलोवॅट बसवले तरी ७८,००० हाच आकडा कायम राहतो. वाचकांनी या तीन आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. पहिल्या आणि दुसऱ्या किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार आहेत, तिसऱ्याला मात्र अठराच हजार. ही उतरती रचना काहीतरी सांगत होती. मी ती वाचली, पण तिचा अर्थ लावला नाही. प्रत्येक जाहिरातीत, प्रत्येक फलकावर आणि माझ्याकडे आलेल्या प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी एकच आकडा होता, अठ्ठ्याहत्तर हजार, आणि आपण अठ्ठ्याहत्तरातले अठरा हजार सोडतो की काय, या भीतीनेच मी तीन किलोवॅटवर सही केली.

योजनेच्या नावात ‘मोफत वीज’ असे शब्द असल्यामुळे बराच गैरसमज होतो. सरकार वीज मोफत देत नाही. वीज आपण स्वतःच्या गच्चीवर तयार करतो, त्यासाठीचे यंत्र आपल्याच पैशाने विकत घेतो, आणि त्या खर्चाचा काही भाग आपल्या बँक खात्यात परत येतो. ‘परत येतो’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. अनुदान किमतीतून आधी वजा होत नाही. आमच्या संचाची सर्व करांसह किंमत १,९८,००० रुपये होती आणि ती सगळी रक्कम आम्ही आधी एजन्सीला दिली. ७८,००० नंतर आले. ज्यांच्याकडे एवढी रक्कम एकदम नसते त्यांच्यासाठी तारण नसलेल्या कर्जाची सोय आहे आणि योजना सुरू झाली तेव्हा तीन किलोवॅटपर्यंत त्याचा व्याजदर सात टक्क्यांच्या आसपास होता. मी निवृत्तीच्या पैशातून खर्च केला, त्यामुळे कर्जाच्या बाजूबद्दल स्वानुभवाचे काही सांगता येणार नाही.

आता कागदपत्रांविषयी. राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करणे खरोखर सोपे आहे. वीजबिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, मोबाइल आणि बँकेचा तपशील एवढ्यावर अर्ज पुढे सरकतो. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी खोळंबून राहावे लागत नाही, कारण २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर असे अर्ज मंजूर झाले असे मानले जाते. माझी अडचण निराळीच निघाली आणि तिला सर्वस्वी मीच जबाबदार होतो. आमचे वीजबिल माझ्या दिवंगत वडिलांच्या नावाने येत होते. वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि या अकरा वर्षांत दर महिन्याला त्यांच्या नावाचे बिल भरताना मला त्यात काही गैर वाटले नव्हते. उलट ते नाव बिलावर राहावे असेच मनाच्या एका कोपऱ्यात होते. परंतु बिलावरचे नाव, अर्जदार आणि बँक खाते यांचा मेळ बसणे आवश्यक असल्यामुळे नाव बदलणे भाग पडले. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, धुळ्याच्या बहिणीचे संमतिपत्र असे करता करता नोव्हेंबर आणि डिसेंबर गेले. ज्यांच्या घरी बिल अद्याप आजोबांच्या किंवा बिल्डरच्या नावाने येते, त्यांनी पॅनेलच्या किमती विचारण्याआधी हे काम उरकावे.

एजन्सीची निवड मी तीन कोटेशन मागवून केली. तिन्ही प्रतिनिधी घरी आले, तिघांनी गेल्या वर्षाचे बिल मागितले, तिघांनी बिलाच्या मागच्या बाजूचा वापराचा आलेख पाहिला आणि महिन्याला सरासरी २९० युनिट पाहून तिघांनीही तीन किलोवॅट सांगितले. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. सरकारी मार्गदर्शनातही दीडशे ते तीनशे युनिट वापर असेल तर दोन ते तीन किलोवॅट असेच सुचवले आहे. परंतु हे २९० युनिट घरात नेमके कुठे जातात, हा प्रश्न तिघांपैकी एकानेही विचारला नाही. एकजण तर बैठकीतल्या वीस वर्षांपूर्वीच्या पंख्याखाली बसून, घाम पुसत, मला पंचवीस वर्षांच्या बचतीचा तक्ता समजावून सांगत होता. तो पंखा एकटाच पंचाहत्तर वॅट खात होता. तेव्हा हे त्यालाही सुचले नाही आणि मलाही नाही.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम फेब्रुवारीत दोन दिवसांत झाले आणि त्या कामाबद्दल माझे मत चांगले आहे. नाशिक विसाव्या अक्षांशावर असल्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे साधारण तेवढ्याच अंशांनी कललेली हवीत. आलेल्या मुलांनी मोबाइलमधील होकायंत्र आणि कोन मोजण्याचे साधन दोन्ही वापरून ढाचा उभा केला. ढाच्याची उंची हा मात्र वादाचा विषय झाला. कोटेशनमध्ये कमी उंचीचा ढाचा धरला होता, म्हणजे गच्चीचा जवळजवळ अर्धा भाग कायमचा अडकला असता. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, हे मी कागदावर वाचले होते. परंतु आमच्या घरी गच्ची म्हणजे उन्हाळ्यातल्या कुरडया, पापड आणि सांडग्यांचे कारखाना-क्षेत्र आहे, हे पत्नीने त्या मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. “काका, उंच स्ट्रक्चरचे अकरा हजार वेगळे लागतील,” असे उत्तर आले. ते लागले, आणि वरच्या १,९८,००० मध्ये ते धरलेले आहेत. अनुदानात उंचीचा वेगळा विचार होत नाही, तेव्हा हा प्रश्न कोटेशनच्या वेळीच विचारून घ्यावा. आता पॅनेलखालून ताठ मानेने चालता येते आणि कडेच्या उन्हात कुरडया वाळतात. भर दुपारी तिथे उभे राहिले तर डोक्यावर सावली असते आणि खालच्या खोलीचे छतही पूर्वीइतके तापत नाही. हा लाभ कुठल्याच तक्त्यात नव्हता.

अनुदानासाठी भारतात बनवलेल्या सेलचीच, भारतात जोडलेली पॅनेल बसवावी लागतात आणि प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक नोंदवावा लागतो. माझी सारी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये गेली असल्यामुळे अनुक्रमांक दिसला की तो तपासल्यावाचून मला राहवत नाही. ५५० वॅटची सहा पॅनेल ढाच्यावर चढवण्याआधी मी ती भिंतीला टेकवून ठेवायला लावली, आणि प्रत्येकाच्या मागचा क्रमांक एजन्सीने दिलेल्या यादीशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला. चौथ्या पॅनेलच्या क्रमांकात यादीत ८ च्या जागी ३ छापलेला होता. तिथल्या मुलाला माझा हा उद्योग पाहून हसू आवरत नव्हते, पण चूक दाखवल्यावर तो मुकाट्याने खाली जाऊन दुरुस्त यादी घेऊन आला. पॅनेल एकदा चढली की मागचा क्रमांक वाचणे दुरापास्त होते. म्हणून हे काम जमिनीवर असतानाच करावे.

ज्या ठिकाणी एजन्सी कमी पडली ते सांगतो. पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात तीननंतर कडेच्या एका पॅनेलवर पडते, हे फेब्रुवारीत स्पष्ट दिसत असूनही ढाचा चार फूट पूर्वेकडे सरकवण्यासाठी मला हट्ट धरावा लागला. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली तरी तिचा फटका शेजारच्यांनाही बसू शकतो, हे सांगणे त्यांचे काम होते. गच्चीवरून खाली येणारी केबल त्यांनी आधी उघडीच भिंतीवरून सोडली होती. तीन वेळा फोन केल्यावर पाइपात घातली. सर्वांत गंभीर बाब म्हणजे त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितलीच नाही, आणि ती आम्हाला एप्रिलमधल्या एका दुपारी कळली. वीजपुरवठा खंडित झाला आणि लख्ख ऊन असताना आमचा संचही बंद पडला. “डोक्यावर एवढं ऊन आणि खाली पंखा बंद! मग हे बसवलं कशाला?” हा पत्नीचा प्रश्न रास्त होता. विजेच्या जाळ्याशी जोडलेला संच जाळ्यातला पुरवठा गेला की आपोआप बंद होतो, कारण तसे झाले नाही तर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. कारण पूर्णपणे योग्य आहे. परंतु वीज गेल्यावरही घर चालू राहील अशा समजुतीने संच घेणारे लोक मला आजही भेटतात, आणि विक्रीच्या वेळी ही समजूत कोणी खोडून काढत नाही. वीज गेल्यावर पंखे हवे असतील तर बॅटरीची सोय वेगळी करावी लागते. आमचा जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी म्हणूनच अजून जिन्याखाली आहेत.

तपासणी होऊन नवा मीटर ६ मार्चला बसला. हा मीटर आपण घेतलेली वीज आणि आपण दिलेली वीज दोन्ही वेगवेगळी मोजतो. मीटर उलटा फिरतो, हे ऐकीव आहे. अनुदान येण्यास मात्र ४१ दिवस लागले आणि त्याचे कारण पुन्हा आमच्याच कपाटात सापडले. आमच्या बँकेचे काही वर्षांपूर्वी विलीनीकरण झाले, शाखेचा आयएफएससी कोड बदलला, आणि मी अर्ज भरताना जुन्या पासबुकावरचा कोड लिहिला. पोर्टलवर दुरुस्ती केल्यानंतर पैसे थेट खात्यात जमा झाले, मध्यस्थ नाही आणि कोणाच्या मागे फिरणेही नाही. पूर्वीच्या योजनेत अनुदानाची रक्कम ठेकेदारामार्फत वळती होत असे. २०२२ साली राष्ट्रीय पोर्टल आल्यापासून ती थेट ग्राहकाला मिळू लागली. या एका बदलाला मी पूर्ण गुण देतो.

उत्पादनाचे आकडे मी रोज संध्याकाळी वहीत लिहितो. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात संचाने ४,२८० युनिट तयार केले. सर्वांत चांगला महिना मार्चचा, ४५० युनिटचा. सर्वांत वाईट जुलैचा, २३० चा. मे महिना उत्पादनाचा राजा असतो असे सांगितले होते, पण २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पावसाने जी हजेरी लावली तिच्यामुळे तो राजेपणा यंदा पाहायला मिळाला नाही. जुलैमध्ये झड लागली की दिवसाला दोन-तीन युनिटांवर समाधान मानावे लागे. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असूनही आकडे बरे आले, कारण पॅनेल तापली की त्यांची क्षमता घटते आणि नाशिकची थंडी त्यांना मानवते. मात्र पाऊस संपल्यावर धूळ आणि पारव्यांची विष्ठा यांचा थर बसतो. डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी सात वाजता, पॅनेल थंड असताना, मी लांब दांड्याचा मऊ वायपर आणि साधे पाणी घेऊन सहाही पॅनेल पुसली. आदल्या दिवशी ११.२ युनिट होते, त्या दिवशी तशाच उन्हात १२.६ झाले. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा हा कार्यक्रम ठरलेला आहे. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, एवढे पथ्य पाळावे.

बिलाचे म्हणाल तर, पूर्वी २९० युनिटांच्या महिन्याला त्या वेळच्या दराने ३,३०० रुपयांच्या आसपास बिल येत असे. आता स्थिर आकार आणि त्यावरचे वीज शुल्क धरून दीडशे ते पावणेदोनशे येते. शून्य बिल येत नाही, कारण स्थिर आकार कधीच जात नाही. जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा दाखवले जातात आणि आर्थिक वर्ष संपले की उरलेल्या युनिटांचा हिशेब करून मोबदला मिळतो. इथपर्यंत सगळे आनंदाचे आहे.

आता पंख्यांकडे येतो, कारण या परीक्षणाचा खरा विषय तोच आहे. संच बसल्यानंतर महिन्याभरात सूनबाईंनी त्यांच्या खोलीसाठी नव्या बीएलडीसी मोटरचा, म्हणजे ब्रश नसलेल्या आणि कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा आणला. आवाज कमी आणि रिमोट आहे, एवढ्याच कारणासाठी आणला होता. तो २८ ते ३२ वॅट घेतो असे खोक्यावर लिहिलेले होते. मला ते खरे वाटेना म्हणून प्लगमध्ये लावायचा मोजणी-मीटर आणून जोडून पाहिला, तर पूर्ण वेगात ३१ दाखवले. बैठकीतला जुना पंखा लगेच उतरवून तसाच मोजला, तर ७६. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिल्यावर मी जे गणित केले ते असे : एका पंख्यामागे ४५ वॅटची बचत, चार पंखे, उन्हाळ्यात दिवसाचे सरासरी पंधरा तास, म्हणजे दिवसाला २.७ आणि महिन्याला ८१ युनिट. उरलेले तीन पंखेही मग बदलले. चारही मिळून १२,४०० रुपये खर्च आला. थंडीत नाशिकला पंखे बंदच असतात, तेव्हा वर्षभराची बचत याहून कमी भरते, हे मान्य आहे. त्याच सुमारास आमचा २००४ सालचा फ्रिज आपणहून निवर्तला आणि त्याच्या जागी पंचतारांकित लेबलचा आला. या दोन गोष्टींमुळे वर्षाचा एकूण वापर ३,४८० वरून २,६१० युनिटांवर आला. मजा अशी की यात आम्ही कुठलीही काटकसर केली नाही. पंखे पूर्वीइतकेच फिरले आणि दूध पूर्वीइतकेच गार राहिले.

वीजदर टप्प्यांचा असतो. शंभर युनिटांपुढच्या टप्प्यातले युनिट पहिल्या शंभरापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग पडते. म्हणून आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी वरच्या, महाग टप्प्यातले असते. पंख्यांनी वाचवलेल्या ऐंशी युनिटांची किंमत संच नसता तर जुन्या दराने उन्हाळ्याच्या एका महिन्यात हजार रुपयांच्या घरात गेली असती. म्हणजे एकीकडे १२,४०० रुपयांत उन्हाळ्यातले हजार रुपये, आणि दुसरीकडे अनुदान वजा जाता १,२०,००० रुपयांत उरलेले दोन-सव्वादोन हजार. पहिल्या खर्चाला सरकारचा एक रुपयाही मिळत नाही. दुसऱ्याला ७८,००० मिळतात.

आणि माझी चूक इथे आहे. हे पंखे आणि हा फ्रिज संचाच्या आधी आले असते तर माझ्या बिलावर २९० ऐवजी २२० च्या आसपास सरासरी दिसली असती आणि दोन किलोवॅट पुरले असते. त्याच एजन्सीचे दोन किलोवॅटचे कोटेशन १,४२,००० रुपयांचे होते; ६०,००० अनुदान वजा जाता मला ८२,००० पडले असते. माझ्या प्रत्यक्ष उत्पादनाच्या दोन तृतीयांश धरले तर वर्षाला साधारण २,८५० युनिट होतात, आणि वापर २,६१० आहे. एखाद्या पावसाळी महिन्यात थोडे बिल भरावे लागले असते, नाकारत नाही. पण आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्यामुळे उन्हाळ्यात साठलेले युनिट पावसाळ्यात कामाला येतात, ही नाशिककरांच्या सोयीची गोष्ट आहे. तिसऱ्या किलोवॅटसाठी मी खिशातून ३८,००० रुपये जास्त घातले. वर्षाअखेरीस १,६७० युनिट शिल्लक राहिले, त्यांतले बहुतेक या तिसऱ्या किलोवॅटचेच, आणि त्यांना जो दर मिळाला तो मी वीज विकत घेतो त्या दराच्या निम्माही नव्हता. जे अठ्ठ्याहत्तर हजार मिळाले म्हणून मी पेढे वाटले, त्यांनीच प्रत्यक्षात मला वापरापेक्षा मोठे यंत्र घ्यायला लावले, असे आज वही समोर ठेवून म्हणावे लागते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलगा विजेवरची स्कूटर घेण्याच्या विचारात आहे, आणि सकाळचा चहा व भात आम्ही आता इंडक्शनवर करू लागलो आहोत, त्यामुळे सिलिंडर पूर्वीपेक्षा आठवडाभर जास्त टिकतो. शिल्लक वीज अशी कामाला लावली तर तिसरा किलोवॅट अगदीच वाया गेला असे होणार नाही. ज्या घरात मुले मोठी होत आहेत, एसी येऊ घातला आहे किंवा गाडी चार्ज करायची आहे, त्यांनी तीन किलोवॅट जरूर घ्यावेत. माझा आक्षेप एवढाच आहे की हा निर्णय वापराकडे पाहून व्हावा, अनुदानाच्या मोठ्या आकड्याकडे पाहून होऊ नये.

कमी वीज खाणारी वस्तू घरोघर पोहोचवण्याचे उदाहरण सरकारकडे घरातच आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिव्यांना थेट अनुदान नव्हते. एकगठ्ठा खरेदी करून किंमत इतकी खाली आणली की दिवे घरोघर पोहोचले आणि बाजारातलेही स्वस्त झाले. पंख्यांना तारांकित लेबल २०२३ पासून सक्तीचे झाले आहे, हे योग्यच. परंतु सूर्यघरच्या अर्जदाराला संचाबरोबर चार पंखे सवलतीत देण्याची सोय झाली तर त्याच अनुदानाचा उपयोग बराच वाढेल. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात आपल्याच जिल्ह्यात कोळसा जळतो. तिथून निघालेले युनिट आणि आमच्या बैठकीत न लागलेले युनिट यांत दुसरे केव्हाही स्वस्त.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही योजना अजून अवघडच आहे, आणि नाशिकचा फार मोठा भाग आता फ्लॅटमध्ये राहतो. गच्ची सामाईक असल्यामुळे एकट्याला काही करता येत नाही. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात आणि त्याची कमाल मर्यादा ५०० किलोवॅट आहे. गंगापूर रोडवरच्या माझ्या मेहुण्यांच्या सोसायटीने दहा किलोवॅट बसवून देखभाल खर्च कमी केला. पण त्याचा ठराव मंजूर व्हायला तीन सर्वसाधारण सभा लागल्या आणि वरच्या मजल्यावरच्या एका सभासदांचा गच्ची गळेल हा मुद्दा शेवटपर्यंत मिटला नाही. भाड्याने राहणाऱ्यांचे तर नावच नको. त्यांच्या हाती पंखेच आहेत, आणि त्यांना अनुदान नाही.

एजन्सीला करारानुसार पाच वर्षे देखभाल करावयाची आहे. वर्षभरात दोन भेटी झाल्या. पहिली त्यांनी होऊन दिली, दुसरीसाठी दोनदा आठवण करावी लागली. अर्थिंगची मोजणी, नटबोल्ट आवळणे आणि सौर संचाच्या इन्व्हर्टरची नोंद पाहणे ही कामे दुसऱ्या भेटीत नीट झाली. सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देतो. योजनेला चार, एक गुण पंख्यांसाठी राखून ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात शेजारचे काका कोटेशन घेऊन सल्ला विचारायला आले. तीन किलोवॅटचेच होते. मी मोजणी-मीटर त्यांच्या हातात दिला आणि आधी आठ दिवस घरातली एकेक वस्तू मोजायला सांगितली. काल सकाळी कुंपणावरून त्यांनी पहिला आकडा सांगितला : देवघराशेजारच्या खोलीतला, त्यांच्या लग्नातला पंखा, ८४ वॅट.